फायबर सिमेंट, दगड आणि शिंगल्स एकाच घरावर: साइडिंगच्या कामाचा रिव्ह्यू

मागच्या फॉलमध्ये आम्ही घराचं जुनं विनाइल साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं प्लास्टिकचं आवरण, काढून टाकलं आणि नवं लावून घेतलं. चारी बाजूंना एकच मटेरियल न लावता चार प्रकार एकत्र केले. घराच्या मुख्य अंगाला फायबर सिमेंटच्या आडव्या फळ्या, गॅरेजच्या पुढे आलेल्या भागाला उभं बोर्ड-अँड-बॅटन, त्याच्या वरच्या त्रिकोणाला शिंगल्स (कौलांसारखे एकावर एक चढवलेले तुकडे) आणि दर्शनी भिंतीला खाली तीन फूट दगड. बर्फ पडणं, वितळणं, पुन्हा गोठणं आणि ईशान्येकडून आडवा पाऊस मारणारे नॉरईस्टर, असा एक अख्खा हिवाळा त्यावरून गेलाय. मगच लिहायला बसले आहे.

आम्ही न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत राहतो. घर 1980 च्या दशकातलं, सेंटर हॉल कलोनियल (मधोमध दालन असलेलं), या भागात गल्लोगल्ली दिसतं तसंच. कॉन्ट्रॅक्टर इथलाच, छोटा. त्याचं नाव देत नाही, कारण कॉन्ट्रॅक्टर तोच राहिला तरी क्रू बदलतो, आणि मला जे सांगायचंय ते कोणालाही काम दिलंत तरी उपयोगी पडेल. आधी निकाल सांगून टाकते: पाण्याच्या बंदोबस्ताला पैकीच्या पैकी, दिसण्याला पैकीच्या पैकी, रोजच्या साफसफाईला जेमतेम पास, आणि दगडाचं काम करायला आणलेल्या दुसऱ्या टोळीला, पहिल्या दिवसापुरतं तरी, नापास.

माझं काम औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्यामुळे एखादी गोष्ट चांगली दिसते एवढ्यावर माझं समाधान होत नाही, ती कुठे बिघडू शकते हे मी आधी बघते. साइडिंगबद्दल वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की मटेरियल कोणतं चांगलं यावर सगळे हिरिरीने बोलतात, पण एक मटेरियल संपून दुसरं सुरू होतं त्या रेषेबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आणि पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. सलग भिंतीच्या मधोमध पाणी शिरल्याची तक्रार क्वचित ऐकाल. खिडकीची कड, छप्पर भिंतीला टेकतं ती जागा, दगडाचं डोकं, फळ्यांचा पायथा, तक्रारी सगळ्या तिथल्या. एका घरावर चार मटेरियल म्हणजे अशा रेषा कितीतरी पटीने वाढल्या. म्हणून मी कॉन्ट्रॅक्टर निवडताना दर आणि फोटो यांच्याही आधी एकच प्रश्न विचारत होते: दगड संपतो आणि फळी सुरू होते तिथे तुम्ही काय करता?

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एकाने सांगितलं, "कॉक भरतो, उत्तम दर्जाचं." कॉक म्हणजे फटी बुजवायची पेस्ट. दुसऱ्याने विषय बदलून रंगांचं पुस्तक उघडलं. आम्ही ज्याला काम दिलं त्याने ट्रकमधून पत्र्याचा एक तुकडा आणला, झेड आकारात वाकवलेला, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून दाखवलं की त्याचा वरचा पाय हाउसरॅपच्या (साइडिंगखाली घराला गुंडाळतात त्या पाणी अडवणाऱ्या थराच्या) मागे जातो, मधला भाग दगडावरच्या टोपीवर बाहेरच्या बाजूला उतरता बसतो आणि खालचा पाय पुढून खाली वळतो. त्याच्यावर फळी टेकवायची नाही, पाव इंच फट ठेवायची आणि ती फट कधीही बुजवायची नाही. बुजवली की फळीमागून आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मी तिथेच ठरवलं होतं. त्याचा आकडा सगळ्यात कमी नव्हता.

आता मटेरियलबद्दल, कारण विचारणा बहुतेक त्याचीच होते.

विनाइल वाईट नाही, हे आधी सांगते. स्वस्त आहे, रंगवावं लागत नाही, आणि नीट लावलं तर वर्षानुवर्षं टिकतं. फक्त ते प्लास्टिक आहे हे विसरून चालत नाही. साडेबारा फुटांची पट्टी थंडी-उन्हाळ्यात अर्धा इंच किंवा त्याहून जास्त लांबते-आखडते. म्हणून तिला खिळा घट्ट ठोकायचा नसतो, पट्टी डावी-उजवीकडे सरकली पाहिजे अशी सैल टांगायची असते. साधारण 160-165 अंश फॅरनहाइटला ते मऊ पडायला लागतं. ऐकताना वाटतं एवढं तापमान भिंतीवर कुठून येणार. पण आमच्याच गल्लीत एका घराने नव्या लो-ई (उष्णता परतवणारा लेप असलेल्या) काचांच्या खिडक्या बसवल्या आणि त्यांच्यावरून परावर्तित होणारं ऊन शेजारच्या विनाइलवर पडून तिथे पट्ट्यांना लाटा आल्या. दुपारी गेलात तर उन्हाचा तो चौकोन त्या भिंतीवरून सरकताना दिसतो.

देवदारासारखं दिसणारं खरं सीडर मला फार आवडतं. पण आमच्या मागे झाडी आहे, सुतारपक्षी आहेत, आणि इथले सुतारपक्षी सीडरच्या भिंतीला भोकं पाडतात. शिवाय दर काही वर्षांनी स्टेन करणं आलंच. एलपी स्मार्टसाइड म्हणजे झिंक बोरेट घालून दाबलेलं इंजिनिअर्ड लाकूड. हा पर्याय आम्ही शेवटपर्यंत धरून होतो. वजनाला हलकं, फळी 16 फुटांची, त्यामुळे सांधे कमी, आणि 50 वर्षांची मर्यादित वॉरंटी. त्याची एक अट आहे: जिथे जिथे कापाल तिथलं टोक रंगाने बंद करायचं. परांचीवर उभा असलेला माणूस घाईत प्रत्येक टोकाला ब्रश लावेलच याची मला खात्री वाटेना. ज्यांचा आपल्या क्रूवर विश्वास आहे त्यांनी ते जरूर घ्यावं.

आम्ही जेम्स हार्डीचं फायबर सिमेंट घेतलं. सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू. आपल्याकडे ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात त्याचंच हे ॲस्बेस्टॉस काढून टाकलेलं रूप. मूळच्या ऑस्ट्रेलियन असलेल्या या कंपनीने 1980 च्या दशकात ॲस्बेस्टॉसच्या जागी सेल्युलोजचे तंतू आणले आणि 1990 च्या सुमारास अमेरिकेत उत्पादन सुरू केलं. गोठणाऱ्या हवामानासाठी त्यांचा वेगळा प्रकार आहे, एचझेड 5. आमच्या भागात तोच लागतो. फळी 12 फुटांची, 5/16 इंच जाड, सव्वाआठ इंच रुंद. एकीवर एक सव्वा इंच चढते आणि सात इंच दिसते. मूळ मालाला 30 वर्षांची आणि कारखान्यात चढवलेल्या रंगाला 15 वर्षांची वॉरंटी आहे. जळत नाही, सुतारपक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, उन्हाने लाटा येत नाहीत.

तोटेही सांगते. एक फळी जवळजवळ 20 पौंडांची. आडवी धरून उचलली तर मधोमध मोडते, त्यामुळे दोन माणसं लागतात आणि मजुरी वाढते. आम्हाला आलेले एस्टिमेट विनाइलच्या दीडपटीच्या वर होते. कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते, ती फुप्फुसाला घातक. अमेरिकेत बांधकामासाठी 2017 पासून त्याचे कडक नियम लागू आहेत. क्रूचे मी गुण कापले ते इथेच. पहिल्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर साधी गोल करवत लावून कापायला सुरुवात झाली, ना व्हॅक्युम ना मास्क. शेजारच्या पोर्चवर पांढरा थर बसला. मी फोरमनला बोलावून सांगितलं की माझ्या घराच्या कामासाठी कुणाची छाती खराब झालेली मला चालणार नाही. तो एक्वाडोरचा, समंजस माणूस. दुपारनंतर फळ्यांसाठी कातरीसारखं चालणारं यंत्र आणि करवतीला धूळ ओढणारा पंप आला. यायला हवा होता सकाळीच. तुम्ही काम देताना हे करारातच लिहून घ्या.

बोर्ड-अँड-बॅटन म्हणजे मोठे सपाट पॅनल आणि त्यांच्यावर ठरावीक अंतराने उभ्या पट्ट्या. आमच्याकडे हे अंतर 16 इंच आहे. हल्ली सगळीकडे पांढरं बोर्ड-अँड-बॅटन आणि काळ्या खिडक्यांची फार्महाउस पद्धतीची घरं उभी राहतात. अख्खं घर तसं करणं मला पटत नाही, सगळी घरं सारखी दिसायला लागतात. पण एखाद्याच पुढे आलेल्या भागाला उभ्या रेषा दिल्या की तो भाग उंच दिसतो. आमचं गॅरेज बुटकं आणि रुंद दिसायचं, तो दोष यात झाकला गेला.

दिसण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगते. मटेरियल बदलायचं ते आतल्या कोपऱ्यात, किंवा भिंत पुढे-मागे होते तिथे. बाहेरच्या कोपऱ्यावर, म्हणजे नाकावर, कधीही बदलू नये. समोरून दगड आणि कोपरा वळला की लगेच विनाइल, अशी घरं इकडे शेकड्याने आहेत. रस्त्यावरून तिरपं पाहिलं की दगडाची जाडी उघडी पडते आणि तो फरशीसारखा चिकटवलेला आहे हे लहान पोरालाही कळतं. आमच्या दर्शनी भिंतीच्या एका टोकाला आतला कोपरा होता, तिथे प्रश्नच आला नाही. दुसऱ्या टोकाला दगड वळवून बाजूच्या भिंतीवर दोन फुटांहून थोडा पुढे नेला आणि गॅस मीटरच्या अलीकडे उभी ट्रिम (कड झाकणारी पट्टी) घालून थांबवला. कोपऱ्यासाठी एल आकाराचे तुकडे वेगळे मिळतात आणि ते महाग असतात. तिथे पैसे वाचवू नका.

एका कॉन्ट्रॅक्टरने पैसे वाचवायला दुसरी वाट सुचवली होती: समोर फायबर सिमेंट आणि बाकी तीन बाजूंना त्याच रंगाचं विनाइल. हे बरेच जण करतात आणि काही घरांना ते शोभतंही, विशेषतः जिथे मागचा भाग वेगळा पुढे आलेला आहे. आमच्या घराची मागची बाजू सरळसोट आहे, म्हणजे जोड बाहेरच्या कोपऱ्यावरच आला असता. एक मटेरियल जवळजवळ स्थिर, दुसरं ऋतूप्रमाणे सरकणारं, आणि दोघांचा रंग उन्हात वेगवेगळ्या वेगाने उतरणारा. आज जुळलेला रंग दहा वर्षांनी जुळेल याची हमी कोणी देईना. आम्ही त्याऐवजी दगड कमी केला. आधी तो खिडक्यांच्या वरपर्यंत जाणार होता, तो खिडक्यांच्या खालीच थांबवला. पैसे वाचले आणि घरही जास्त चांगलं दिसतंय. वजनदार दिसणारी वस्तू खाली, हलकी वर, ही मांडणी डोळ्याला पटते.

माझ्या आजोळी, रत्नागिरीजवळ, घराचं जोतं जांभ्याचं, त्यावर मातीचा गिलावा केलेल्या भिंती आणि माडीला लाकडी फळ्या होत्या. कोणी रंगांचं पुस्तक बघून ते ठरवलं नव्हतं. जमिनीवरून उडणारं पाणी आणि चिखल जांभा सोसतो, माती सोसत नाही. पावसाळा तोंडावर आला की पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधत. पाऊस झापांवर आपटायचा, भिंत मागे कोरडी राहायची आणि मधल्या फटीतून वारा खेळायचा. इथे साइडिंगचं पुस्तक वाचताना मागे हवा खेळती ठेवण्याचा धडा आला तेव्हा मला नव्याने काही शिकावं लागलं नाही.

जुनं विनाइल उतरलं त्या दिवशी मी रजा टाकली होती आणि तो निर्णय मोलाचा ठरला. 2021 च्या 1 सप्टेंबरला आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला, तेव्हा गॅरेजच्या आतल्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात डाग उमटला होता. तेव्हा आलेल्या माणसाने बाहेरून कॉक भरलं, आतून डाग रंगवला आणि पैसे घेऊन गेला. डाग पुन्हा पुन्हा वर येत राहिला. आता त्या जागेवरचं विनाइल निघाल्यावर फोरमनने मला शिडीशी बोलावलं. गॅरेजच्या छपराचा उतार संपतो आणि पुढे घराची भिंत चालू राहते, बरोबर त्या टोकाखाली प्लायवूड काळं पडलं होतं. त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि जोर न लावता दांड्यापर्यंत आत गेला. थर सुटे झाले होते, हाताने सोलून निघत होते. त्याखालची स्टड, म्हणजे भिंतीच्या सांगाड्यातली उभी लाकडी पट्टी, सुदैवाने शाबूत होती, फक्त वरून करडी पडली होती.

कारण एका वीतभर पत्र्याचं होतं. छपरावरून भिंतीच्या कडेने उतरणारं पाणी पन्हळीत पडायला हवं. तिथे शेवटी एक बाहेर वळलेला पत्रा लागतो, त्याला किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. तो पाण्याला भिंतीपासून दूर ढकलून पन्हळीत टाकतो. आता बिल्डिंग कोडमध्येच तो आहे, पण जुन्या घरांना बऱ्याचदा नसतो. आमच्या घराला नव्हता. इतकी वर्षं छपराच्या त्या बाजूचं सगळं पाणी पन्हळीला वळसा घालून साइडिंगच्या मागे उतरत होतं. विनाइल बाहेरून ठणठणीत दिसत होतं. तुमच्या घराला छप्पर भिंतीला टेकत असेल तर हा रिव्ह्यू वाचून झाल्यावर बाहेर जाऊन तेवढा पत्रा आहे का बघा. नसेल तर साइडिंग बदलायचा विचार असो वा नसो, तो लावून घ्या.

कुजलेलं प्लायवूड बदलण्याचा दर शीटमागे किती, हे करारात आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे तिथे घासाघीस झाली नाही. प्रत्येक शीट काढण्याआधी आणि बसवल्यानंतर मला फोटो मिळाला. हे कॉन्ट्रॅक्टरचं मला सगळ्यात आवडलेलं वागणं. नंतर सगळ्या घराला टायव्हेक (हाउसरॅप) गुंडाळलं, खालून वर चढत, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर येतो. खिडक्यांच्या कडांना टेप लावली ती आधी खाली, मग दोन्ही बाजूंना, शेवटी वर, आणि खालची कड मोकळी सोडली. क्रम उलटा झाला तर तीच टेप पाणी आत घेते. हे करताना मी उभी राहून बघत होते आणि एकदाही मला बोलायची वेळ आली नाही.

ती वेळ आली दगडाच्या दिवशी. दगड बसवायला कॉन्ट्रॅक्टरने दुसरी टोळी आणली. हा दगड खाणीतला नव्हे, सिमेंट, हलकी खडी आणि रंग मिसळून साच्यात ओतलेला. भिंतीला चिकटवायच्या दगडाचं वजन कोडप्रमाणे चौरस फुटाला 15 पौंडांच्या आत ठेवावं लागतं आणि यात ते बसतं. नीट लावला तर छान दिसतो. पण साइडिंगच्या सगळ्या प्रकारांत पाण्याने घर कुजवल्याच्या तक्रारी मला याच्याच सर्वाधिक सापडल्या, कारण तो पाणी पितो आणि मागे थांबवून ठेवतो. म्हणून त्याच्यामागे पाणी अडवणारे दोन थर हवेत, एक नाही. त्यावर लोखंडी जाळी, त्यावर सिमेंटचा खरबरीत थर, मग दगड. आणि सगळ्यात खाली, आतलं पाणी बाहेर पडायला भोकं असलेली पट्टी, वीप स्क्रीड. ती मातीपासून चार इंच वर, फरसबंदी असेल तिथे दोन इंच वर.

मी ऑफिसमधून लवकर आले तेव्हा जाळी ठोकून झाली होती, थेट मल्चपर्यंत, म्हणजे झाडांभोवती पसरतात त्या लाकडाच्या चुऱ्यापर्यंत. वीप स्क्रीड ट्रकमध्येच पडलेली. विचारलं तर टोळीचा मुख्य म्हणाला की सगळे असंच करतात, दगड जमिनीतून वर आल्यासारखा दिसला की छान दिसतो. दिसतो, यात वाद नाही. पण इथे दर वसंतात आपण मल्चचा नवा थर टाकतो, जमीन हळूहळू वर चढते आणि दगडाचा पायथा कायम ओल्यात राहतो. मी काम थांबवायला सांगितलं आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, मोजपट्टी लावून बघितलं आणि आमच्यासमोर जाळी उपटायला लावली. मागे एकच थर होता, तोही दोन केला. मल्च खणून मागे ओढलं. उरलेलं काम संपेपर्यंत तो स्वतः जागेवर थांबला. त्यासाठी एक पैसाही जास्त मागितला नाही. चूक सबकॉन्ट्रॅक्टरची होती, पण जबाबदारी आपली आहे हे त्याने न सांगता मानलं, म्हणून माझा त्याच्यावरचा विश्वास कमी न होता वाढला. एवढं मात्र खरं की मी त्या दिवशी लवकर घरी आले नसते तर ते सगळं दगडाखाली झाकलं गेलं असतं. दगडाच्या कामाला जाळी झाली की फोटो, पहिला सिमेंटचा थर झाला की फोटो, हे करारात घालाच. आणि हे काम थंडी पडायच्या आत उरका. 40 अंश फॅरनहाइटखाली सिमेंट नीट धरत नाही, मग ताडपत्री आणि हीटर लावण्याचा खर्च येतो.

दगडाच्या डोक्यावर उतरती टोपी बसली, तिच्यावर टेबलावर पाहिलेला तो झेड पत्रा बसला, आणि मग फळ्या सुरू झाल्या. फळीचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे मागे पट्टी घातली आणि प्रत्येक जोड स्टडवर घेतला. शेवटच्या दिवशी कॉक भरायला आलेला पोरगा सवयीने त्या पाव इंच फटीत बंदूक घालणार, तेवढ्यात फोरमन वरून ओरडला. पोरगा नवा होता. फोरमनने खाली येऊन त्याला कारण समजावून सांगितलं, रागावला नाही. ती फट आजही उघडी आहे. फेब्रुवारीत वितळलेल्या बर्फाचं पाणी मी तिथून थेंब थेंब बाहेर पडताना पाहिलंय.

रंग बूथबे ब्लू, ट्रिम आर्क्टिक व्हाइट. दुकानातला इंचभर नमुना बघून रंग ठरवू नका. कॉन्ट्रॅक्टरकडून हातभर लांब फळी मागून घ्या, चारी भिंतींना टेकवून सकाळ-संध्याकाळ बघा. उत्तरेच्या भिंतीवर हाच निळा जवळजवळ करडा दिसतो. नवऱ्याला शिंगल्सना तिसरा रंग हवा होता. मी मटेरियल तीनाच्या वर गेलं की रंग दोनाच्या वर जाऊ नये या मताची. शिंगल्स, बॅटन आणि फळ्या एकाच निळ्यात केल्या आणि फरक फक्त सावल्यांचा ठेवला. दुपारच्या उन्हात शिंगल्सच्या खालीवर कडांची सावली पडते, बॅटनची उभी रेघ पडते. ते पुरेसं आहे. आता नवराही तेच म्हणतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, फक्त न्यू जर्सीवाल्यांसाठी. कॉन्ट्रॅक्टरचा राज्याचा नोंदणी क्रमांक 13व्हीएच अक्षरांनी सुरू होतो का ते बघा आणि राज्याच्या वेबसाइटवर तपासा. 500 डॉलरच्या वरचा करार लेखीच हवा, सोबत विम्याची प्रत हवी, आणि प्रत हातात पडल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या (बिझनेस डे) मध्यरात्रीपर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता. शेवटचा हप्ता आम्ही यादीतली शेवटची बाब पूर्ण होईपर्यंत दिला नाही. कॉन्ट्रॅक्टरने त्याबद्दल कुरकुर केली नाही.

त्या यादीतलं एक काम मात्र रेंगाळलं. खिळ्यांची डोकी आणि कापलेल्या कडा कारखान्याच्या रंगाच्या किटने टिपायच्या असतात. मागच्या बाजूला दोन ठिकाणी ती टिंबं उन्हात चमकत होती, रंग तोच पण तकाकी वेगळी. फोन, मेसेज, पुन्हा फोन, असं करता करता थंडी पडली. एप्रिलमध्ये माणूस आला आणि नीट करून गेला. गवतात खिळे मात्र अजून सापडतात. चुंबकाचा गाडा त्यांनी फिरवला होता, पण एकदाच, तोही घाईत. लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर हे मनावर घ्या आणि दोनदा फिरवायला लावा.

एप्रिलमध्ये तो माणूस आला तेव्हा मी गॅरेजच्या आतला तो कोपराही त्याला दाखवला. मागच्या फॉलमध्ये तिथला डाग आम्ही मुद्दाम रंगवला नव्हता, पेन्सिलने कडेने रेघ मारून तारीख लिहून ठेवली होती. हिवाळाभर डाग रेघेबाहेर गेला नाही. आता तो रंगवून टाकू. मागच्या डेकची (लाकडी ओट्याची) लेजर बोर्ड, म्हणजे त्याला धरणारी फळी, जिथे भिंतीला जोडलीय तिथलं फ्लॅशिंगही मला संशयास्पद वाटतंय. डेक पुढच्या वर्षी बदलायचा आहे, आणि ते काम याच कॉन्ट्रॅक्टरला दिलंय, याच फोरमनच्या क्रूसकट, तसं करारात लिहून घेऊन.